भाऊजींच्या वतीने

माझा मामा पाण्याचे मीटर वाचायचा. गावातलं एकही घर असं नव्हतं, जिथे तो गुडघे टेकून, बॅटरी दातांत धरून फरशीखालच्या काचेत डोकावला नव्हता. आकडा घेतला की इतर मीटरवाले निघून जात. मामा मात्र कान देऊन उभा राहायचा. "वर कुठेतरी नळ गळतोय बघा. थेंब थेंबच, पण गळतोय," असं सांगून मगच पायरी उतरायचा. त्यामुळे गावात त्याला 'थेंब' म्हणत. माझ्या बाबांना 'भोंगा' म्हणत. ते का, हे चार गल्ल्या पलीकडूनही कळायचं.

बाबांचं सोफे-खुर्च्यांना गाद्या बसवायचं दुकान होतं. पुढे बाबांचं लाकडी टेबल, मागे काथ्याचे ढीग आणि स्प्रिंगा, कोपऱ्यात माझं शिलाई मशीन. रोज संध्याकाळी मामा ड्यूटी आटोपून यायचा, दुरुस्तीला आलेल्या एखाद्या सोफ्यावर ऐसपैस बसायचा आणि दोघांची जुंपायची. सरकार, कर, संप, शाळेत कुठली भाषा शिकवावी, देवाला नवस बोलणं ही लाच आहे का, काहीही चालायचं. फिरून फिरून गाडी यायची ती मात्र एकाच ठिकाणी. इथला कोण आणि बाहेरचा कोण?

त्याला कारण होतं. मामाच्या घराण्याला या गावात किती पिढ्या झाल्या, ते त्यालाही मोजता यायचं नाही. बाबा लहानपणी वडिलांचं बोट धरून आलेले. आईने बाबांशी लग्न ठरवलं तेव्हा मामाने घरात सरळ सांगितलं होतं, "माणूस वाईट नाही, पण आपला नाही." लग्नाला तो आला, जेवला नाही. पुढे त्याचं बाबांशिवाय पान हलेनासं झालं, ही गोष्ट वेगळी. पण मत म्हणजे मत. "आधी घरच्यांचं पोट, मग पाहुण्यांचं," मामा म्हणायचा. "पाहुणा भांडी घासायला लागला की तो घरचाच होतो, मेव्हणे!" बाबा गरजायचे, आणि समोरच्या दुकानातला माणूस शटर अर्धं खाली ओढायचा.

बाबा गप्प असायचे ते फक्त एकाच वेळी. रेक्झिन ठोकताना आमच्याकडे चुका तोंडात धरतात. त्या बारीक खिळ्यांना आम्ही चुकाच म्हणतो. जिभेने एकेक पुढे सारायची, हातोडीने उचलायची, ठोकायची. तेवढ्या वेळात मामा आपला मुद्दा घाईघाईने मांडून घ्यायचा. "बोला आता, भाऊजी! तुमच्या तोंडात तर कायम चुकाच!" हा विनोद त्याने कितीदा केला असेल, तरी प्रत्येक वेळी पहिला हसणारा तोच.

मग बाबांचा आवाज बसला. आधी वाटलं, ओरडून बसला असेल. मामा म्हणालाही, "बरं झालं, गावाला विश्रांती." पण बसलेला आवाज पुन्हा उठलाच नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं. घशातली गाठ वाईट होती. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी कागदावर सही केली आणि मामाकडे बघून खांदे उडवले.

ते घरी आले तेव्हा गळ्याच्या खळगीत एक भोक होतं. त्यातूनच आता श्वास. काथ्याची धूळ आत जाऊ नये म्हणून आईने मलमलीचे छोटे पडदे शिवले, ते गळ्यात बांधून बाबा पुन्हा टेबलाशी उभे राहिले. दवाखान्याने एक यंत्र दिलं होतं. गळ्याला लावून ओठ हलवले की त्यातून भुंग्यासारखा सपाट आवाज यायचा. आम्हाला सवयीने कळायचं, पण गिऱ्हाइकं बावचळायची, आणि एका बाईंना हसू आवरलं नाही. बाबांनी यंत्र खणात टाकलं आणि पाटी घेतली. पण पाटीवर वाद होत नाही. बाबांचं एक वाक्य लिहून होईपर्यंत बोलणं तिसऱ्या विषयावर गेलेलं असायचं. ते लिहिलेलं तसंच पुसून टाकायचे. 'भोंगा' म्हणायचं लोकांनी आपोआप सोडलं.

मामा रोज येतच राहिला. सोफ्यावर बसायचा आणि हवापाण्याचं बोलायचा. समोरचा माणूस बोलू शकत नसताना वाद जिंकणं त्याला जमेना. मला ते बघवायचं नाही. दोन बैलांची गाडी एकाने ओढावी, तसा तो संध्याकाळ ओढत न्यायचा.

त्याच सुमारास नगरपालिकेची नोटीस लागली. रुळांपलीकडे मालधक्क्याच्या कामगारांची वस्ती होती. दूरदूरहून आलेली माणसं, बोलीही वेगळी. त्यांना जुन्या गावाच्या टाकीवरून नळजोडणी द्यायची का, यावर रहिवाशांनी सभा घेऊन मत द्यावं, असं त्या नोटिशीत होतं. गावात दोन तट पडले. नको म्हणणाऱ्यांच्या वतीने बोलायला मामाशिवाय दुसरा कोण असणार? पाण्यातलं त्याला कळतं, आणि तो मूळचा.

बाबांनी नोटीस वाचली आणि पाटीवर लिहिलं, 'मला बोलायचंय.'

नियम असा होता, की ज्याला बोलता येत नाही त्याने आपल्या वतीने कुणाला तरी उभं करावं. मी लगेच म्हटलं, "बाबा, मी बोलते. तुमचं सगळं मला पाठ आहे."

बाबांनी नकारार्थी मान हलवली. बराच वेळ लिहीत होते. 'तुला माझं पटतं. म्हणून तू अर्धं गाळशील. तुला वाटेल, एवढं तर कुणालाही कळतं.' मग त्यांनी पाटी पुसली आणि खडूचं टोक सोफ्यावर बसलेल्या मामाकडे केलं.

मामा हसला. मग त्याला कळलं, की बाबा हसत नाहीयेत.

"अहो भाऊजी, मी विरुद्ध बाजूचा!"

बाबांनी लिहिलं, 'म्हणूनच. माझ्या भिंतीतली प्रत्येक वीट तुम्ही हलवून बघितली आहे.'

त्या संध्याकाळी तालीम सुरू झाली. मामा उभा राहिला, खाकरला आणि म्हणाला, "भाऊजींचं म्हणणं असं, की येईल त्याला सगळं वाटून टाका आणि आपण हरी हरी करत बसा."

ठक्. बाबांनी टेबलावर हातोडी आपटली.

"बरं. भाऊजींचं म्हणणं असं, की माणुसकी मोठी, हिशेब छोटा."

ठक्.

"अहो, तुम्ही असंच म्हणायचात!"

ठक्! मी मशीन थांबवून हसत सुटले. मामा चिडून टोपी घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला आणि टोपी न काढताच म्हणाला, "भाऊजींचं म्हणणं असं, की जो माणूस तुमचं सामान रोज उतरवतो, तो तुमच्याच घरात राहतो. भिंत तुम्हाला दिसत नाही, एवढंच." बाबांनी हातोडीचा हात वर नेला, थोडा थांबवला आणि समोरच्या खुर्चीत चूक ठोकली. मामाने माझ्याकडे असं बघितलं, जणू परीक्षेत पास झालाय.

पुढे हा खेळ राहिला नाही. मामा मीटर वाचता वाचता पुटपुटायला लागला. लोक म्हणत, थेंबाला वेड लागलं. एका रविवारी तो रूळ ओलांडून त्या वस्तीत गेला. तिथे मीटरच नव्हते, म्हणून इतक्या वर्षांत कधी गेला नव्हता. परत येऊन सोफ्यावर बसला. मग म्हणाला, "बायका कॅन घेऊन रुळांवरून येतात. सिग्नलचा दिवा बघत बघत. पोरी, माझं मत बदललेलं नाही. आपली टाकी लहान आहे, वरच्या आळीला उन्हाळ्यात करंगळीएवढी धार येते, ते काही खोटं नाही. पण भाऊजी काय म्हणत होते ते आता मला दिसतं."

आणि एका संध्याकाळी बाबांची बाजू मांडता मांडता तो म्हणाला, "पाणी पुरणार नाही म्हणता? जुन्या गावाच्या नळांतून, वाल्व्हांतून रोज जेवढं पाणी जमिनीत मुरतं, तेवढ्यात ती वस्ती पिऊन, न्हाऊन, धुणी धुऊन मोकळी होईल. तहान त्यांची नाही जास्त, गळती आपली जास्त आहे!"

बाबा बघतच राहिले. पाटी ओढून त्यांनी लिहिलं, 'हे मी कधी म्हणालो नव्हतो.'

"तुम्हाला माहीत असतं तर म्हणाला असतात," मामा म्हणाला. "मला माहीत आहे. मग तुमच्या वतीने मीच म्हणायला नको का?"

हा माणूस ज्या बाजूला हरवायला निघाला होता, तिच्या हातात आपली सगळ्यात धारदार वस्तू देत होता, आणि तेही अगदी साधेपणाने, जसं शेजाऱ्याला शिडी द्यावी. आपण मोठमोठ्या माणसांच्या मोठेपणाच्या गोष्टी ऐकतो. माझ्यासमोर एक मीटरवाला फाटक्या सोफ्यावर बसला होता आणि मला त्याच्याकडे मान वर करून बघावंसं वाटलं.

सभेच्या आदल्या दिवशी बाबांनी खणातून ते यंत्र काढलं. आई डबा घेऊन आली होती, तीही थांबली. बाबांनी यंत्र गळ्याला लावलं आणि थांबत थांबत, त्या सपाट भुणभुणत्या आवाजात सांगायला लागले. यंत्रातून असं सलग ते कधी बोलले नव्हते.

ते गावात आले तो दिवस. रणरणतं ऊन. त्यांचे वडील खांद्यावर सुया-दोऱ्यांची पिशवी आणि बोटाला पोर घेऊन चौकातल्या नळाशी आले. नळाला कुलूप होतं आणि किल्ली एका माणसाकडे होती. पोरासाठी पाणी मागितलं. तो माणूस म्हणाला, "हे पाणी गावाचं आहे." वडिलांनी पुन्हा मागितलं. त्या माणसाने किल्ली खिशात टाकली. बाबांना पाणी मिळालं ते पार स्टेशनावर, इंजिनाच्या नळाचं.

ती किल्ली माझ्या आजोबांकडे असायची. आईच्या आणि मामाच्या वडिलांकडे. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. चौकातल्या नळाचे कारभारी म्हणून त्यांचं नाव होतं. मामा पाणीखात्यात लागला तोच त्या अभिमानाने. "माझ्या बापाच्या हातून अख्खं गाव पाणी प्यायलं," हे वाक्य त्याच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलेलं.

यंत्र बंद झालं. आईने डबा खाली ठेवला. "इतकी वर्षं बोलला नाहीत?" ती म्हणाली.

बाबांनी पाटीवर लिहिलं, 'ते तुझे वडील होते.' मग मामाकडे वळून त्यांनी दुसरी ओळ लिहिली. 'हे सांगा, नाहीतर सांगू नका. तुम्ही ठरवा.'

मामा उठला. जाताना त्याची टोपी सोफ्यावरच राहिली.

सभागृह गच्च भरलं होतं. खिडक्यांतसुद्धा माणसं. अध्यक्षस्थानी शाळेतल्या निवृत्त बाई होत्या. अर्धं सभागृह त्यांच्याच हाताखालून गेलेलं, म्हणून त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं की शांतता व्हायची. बाबांचं नाव पुकारलं. बाबा उभे राहिले, गळ्यातला पडदा सारखा केला आणि मामाकडे हात केला. लोकांना वाटलं थट्टा आहे. हशा पिकला.

मामा माइकसमोर गेला. "मी भाऊजींच्या वतीने बोलतोय," म्हणाला, आणि सुरू झाला.

त्याने एकही वाक्य 'भाऊजी म्हणतात' असं म्हटलं नाही. 'मी' म्हणाला. मी सोफे ठोकतो, मी या गावातल्या प्रत्येक बैठकीच्या खोलीत बसतो, तुम्ही पाहुण्यांना बसवता ती खुर्ची माझ्या हातची. मालधक्का, सामान, रूळ ओलांडणाऱ्या बायका, गळती, सगळं. बाबांची ती लय, प्रश्न विचारून मध्येच थांबायची खोड, मुद्दा संपताना तळहात उपडा करणं, सगळं आलं. आवाज मामाचाच होता, बारीक. तरी शपथेवर सांगते, मला वाटलं की बाबा बोलतायत. बाबा खुर्चीच्या कडेवर आले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

मग मामा थांबला. पाणी प्यायला.

"मी बाहेरून आलो," तो म्हणाला.

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे थेंबा, तू तर इथलाच की!"

"मी बाहेरून आलो," मामा पुन्हा म्हणाला. "मी लहान होतो आणि मला तहान लागली होती." आणि त्याने ते सगळं सांगितलं. ऊन, कुलूप, किल्ली. "किल्ली कुणाकडे असायची, ते तुम्हाला माहीत आहे," एवढंच म्हणाला. आवाज हलला नाही. हात मात्र माइकच्या दांडीवर इतका घट्ट होता, की नखं पांढरी पडली होती.

"दुतोंडी!" पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला. तो मामाच्याच बाजूचा. "आम्ही तुला आमच्यासाठी उभं केलं आणि तू त्यांची वकिली करतोस? बापाला चव्हाट्यावर आणतोस?"

"काका, बसा," मामा म्हणाला. "तुमचंही बोलणार आहे. आत्ता भाऊजी बोलतायत."

आणि खरंच, बाईंनी नाव पुकारल्यावर तो दुसऱ्यांदा आला आणि आपली बाजू मांडली. टाकीची उंची, वरच्या आळीची धार, घाईने जोडणी दिली तर दोघंही कोरडे कसे राहतील. आधी दुरुस्ती, नवी टाकी, मग जोडणी. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या कर भरला त्यांनाही वाटतं की आपल्याला कुणी विचारावं, हे त्याने असं सांगितलं, की माझ्यासारखीला क्षणभर वाटलं, खरंच की. एक मुद्दा ढिला सोडला नाही. स्वतःविरुद्ध इतक्या इमानाने लढलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

हात वर करून मतं झाली. जोडणी द्यायची ठरली. गळतीचं कामही त्याच दिवसापासून सुरू करायचं ठरलं. बाबांचा हात वर होता. मामाचा नव्हता. तो 'नको'च्या वेळी वर झाला, सरळ, कोपर न वाकवता. तो हरला, आणि हरला तो स्वतःच्याच भाषणामुळे. बाहेर पायऱ्यांवर मी त्याला विचारलं, "मामा, इतकं सगळं सांगून शेवटी मत विरुद्धच दिलंस?"

"अगं, भाऊजींचं मत भाऊजींनी दिलं. मी त्यांचा आवाज होतो. हात माझा आहे."

आई मात्र त्याच्याशी बोलेना. नवऱ्यावर राग नव्हता, भावावर होता. "घरातलं घरात राहिलं असतं," म्हणायची. मामा दुकानात यायचा, ती डबा ठेवून पाठमोरी निघून जायची. असे बरेच दिवस गेले. मामाला गळती शोधायच्या कामावर घेतलं होतं. रस्त्यावरच्या वाल्व्हवर लोखंडी काठी टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखालचं पाणी ऐकायचं. आई त्याच्या शेजारून भाजी घेऊन निघून जायची आणि तो डोळे मिटून ऐकत उभा असायचा.

एका दुपारी ती दुकानात आली आणि गेली नाही. मामासमोर स्टूल ओढून बसली. "दादा, त्यांच्या वतीने बोललास. आता आपल्या बाबांच्या वतीने बोल. का नाही दिलं त्यांनी पाणी?"

मामाने बाबांकडे बघितलं. बाबांनी होकारार्थी मान हलवली.

"मला नक्की माहीत नाही," मामा म्हणाला.

"प्रयत्न कर."

तो सोफ्याच्या कडेवर सरकला. मग आजोबांसारखी पाठ ताठ केली. "किल्ली माझ्या हातात गावाने दिली होती," तो हळूहळू म्हणाला. "नळाला पाणी देणारी विहीर तळाला गेली होती. रोज कुणी ना कुणी रिकामा हंडा घेऊन परत जायचं आणि मला शिव्या द्यायचं. गावच्यांना नाही म्हणायला मला भीती वाटायची. हा माणूस कुणाचाच नव्हता. त्याला नाही म्हणणं सोपं होतं." तो थांबला. "त्याच्याबरोबर पोरगं होतं. ते मी बघितलं. मग मी दुसरीकडे बघितलं."

आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाबा टेबलामागून पुढे आले. त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. वारलेल्या माणसाला माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा एकदा विचारलं गेलं होतं आणि त्याने उत्तर दिलं होतं. खरं की खोटं, कोण सांगणार? पण ऐकणाऱ्या तिघांपैकी कुणालाही ते खोटं वाटलं नाही.

त्यानंतर बाबा काही वर्षं चांगले जगले. मामा एकटाच दोघांचे आवाज काढत भांडायचा, बाबा हातोडीने त्याला दुरुस्त करायचे, आणि नवं गिऱ्हाईक दारातून आत यावं की नाही या विचारात उभं राहायचं. सभेतल्या बाईंनी तर नियमच करून टाकला, की विरोधात बोलणाऱ्याने आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगावं. सभा दुप्पट लांबल्या. लोक कुरकुरतात, तरी येतात.

मामा आता निवृत्त झाला आहे. त्याचं मत अजून तेच आहे आणि माझं बाबांचं. परवा शाळेच्या भाषेवरून आमचं वाजलं. मी तावातावाने बोलत होते, शब्द सापडत नव्हते. तो म्हणाला, "थांब, तुला असं म्हणायचंय ना," आणि माझं म्हणणं मला सांगितलं. ते माझ्यापेक्षा इतकं नीट होतं, की मला रागच आला.

"मग पटलं का तुला?" मी विचारलं.

"छे," मामा म्हणाला. "पण आता भांडायला मजा येईल."